मास्तरांच्या बाजूचा ब्रेक

३ फेब्रुवारी

आक्का,

नमस्कार आधी घे, मग मन घट्ट करून पुढचं वाच. फोनच केला असता, पण तुझ्या कानाचं यंत्र आणि माझा आवाज यांचं सूत कधी जमलेलं नाही. गेल्या वेळी मी अर्धा तास घसा फोडून बोललो आणि शेवटी तू विचारलंस, "ते सगळं खरं, पण बोलतंय कोण?"

आपल्या ठकीचं ऑपरेशन ठरलंय. तू घाबरू नकोस, मी घाबरलोय तेवढं दोघांना पुरून उरेल.

तिचं पोट दर महिन्याला दुखतं हे तुला ठाऊक आहे. शाळेत बाकावर दुमडून बसायची, तर बाई म्हणायच्या नाटकं करते. पहिले डॉक्टर म्हणाले, बायकांचं दुखतंच. दुसरे म्हणाले, लग्न झालं की थांबेल. आता तिशी उलटली. एरवी चष्म्याच्या दुकानात काउंटरमागे हसतमुख उभी असते, पण ते दिवस आले की मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनशेजारी, फरशीवर आडवी. मालक चांगला माणूस आहे, पण चांगुलपणालाही हद्द असते. असंच चालणार असेल तर दुसरी मुलगी बघावी लागेल, असं त्यानं हळूच सुनावलंय.

अखेर एका डॉक्टरीणबाईंनी दुखण्याला नाव दिलं. एंडोमेट्रिऑसिस. माझी जीभ वळायलाच आठवडा गेला. गर्भपिशवीच्या आत जसं अस्तर असतं, तसलंच पिशवीबाहेर, पोटात भलत्याच जागी उगवतं. महिन्याच्या महिन्याला आतलं वाहून जातं, बाहेरच्याला जायला वाटच नाही. ते तिथंच साकळतं, सुजतं आणि एक अवयव दुसऱ्याला चिकटतो. ठकीच्या डाव्या अंडाशयात गाठ झालीय आणि ते अंडाशय आतड्याला जाऊन चिकटलंय. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचं, बेंबीत एक छेद आणि खाली बारीक दोन-तीन.

आक्का, हे सगळं मी मुलीच्या शेजारच्या खुर्चीत बसून ऐकलं. मान वर करायची सोय नव्हती. तिची आई असती तर मी आपला खाली गाडीपाशी उभा राहिलो असतो. इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. शिकणारा कितीही अडाणी असो, माझ्या बाजूला दुसरा ब्रेक असतो, म्हणून मला कधी कोणाची भीती वाटली नाही. त्या खोलीत मात्र डॉक्टरीणबाई बोलत होत्या आणि माझा पाय आपोआप फरशी दाबत होता. ठकीनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "बाबा, पाय." दुसऱ्याच्या गाडीत बसलो की मी असाच पाय दाबतो आणि ती लहानपणापासून असंच म्हणते.

मी काय करू, कोणाला काय विचारू, ते तू सांग.

तुझा,
मास्तर

*

१४ फेब्रुवारी

मास्तर,

पत्र वाचलं आणि तुझ्या दाजींनाही वाचून दाखवलं. अर्धं अंग गेल्यापासून त्यांना बोलता येत नाही, पण ठकीचं नाव ऐकलं की डोळे भरतात. म्हणूनच मला येता येत नाही रे. यांना कुशीवर वळवायला दुसरं कोणी नाही. दोन बायका ठेवून पाहिल्या, एक चहा पिऊन झोपायची, दुसरी न पिताच.

तिकडे काय न्यायचं ते सांगते. ढगळ कपडे ने, कमरेला नाडी नको, इलॅस्टिकही नको. पायात सहज सरकणाऱ्या चपला ने, तिला वाकता येणार नाही. आदल्या दिवशी पोट साफ करायचं औषध देतील आणि नुसतं पाणी, गाळलेलं सूप एवढ्यावर ठेवतील. ती चिडेल. तू उलट बोलू नकोस.

आता मुद्द्याचं ऐक. माझ्या वेळी काय झालं ते तू पाहिलंयस. गाठ काढायला म्हणून आत नेलं आणि शुद्धीवर आले तेव्हा पिशवी गेलेली होती. चौतिसावं लागलं होतं मला. मला कोणी विचारलं नाही. सासूबाई दाराबाहेर बसल्या होत्या, डॉक्टरांनी त्यांना विचारलं, त्या म्हणाल्या, करा काय ते. झालं. पाळणा माळ्यावर गेला तो कायमचा.

म्हणून सांगते, ठकीच्या अंगातलं काही काढू देऊ नकोस. औषधं द्या म्हणावं, साफ करा म्हणावं, पण काढायचं नाही. लग्न व्हायचंय पोरीचं. तू दारापाशी ठाण मांडून बस आणि कोणी बाहेर आलं तर ठाम राहा. जन्मभर परक्यांच्या पोरांसाठी ब्रेक दाबलास, एकदा आपल्या पोरीसाठी दाब.

आक्का

*

९ मार्च

आक्का,

झालं. ठकी घरी आहे, झोपलीय.

तुला सगळं नीट सांगतो. सकाळी तिला आत नेलं. बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्या, एक बंद पडलेलं घड्याळ आणि आमच्यासारखीच चारदोन माणसं. बऱ्याच वेळानं दार उघडलं आणि डॉक्टरीणबाई टोपी-मास्कसकट बाहेर आल्या. म्हणाल्या, डावं अंडाशय पार निकामी झालंय, ते ठेवण्यात अर्थ नाही. गाठ आणि आतड्याजवळचा रोग त्याच्यासकट काढला तर तिला आराम पडायची शक्यता जास्त. उजवं चांगलं आहे. अवयव काढायच्या आधी नातेवाइकांना सांगायची आमच्याकडे पद्धत आहे.

मला त्यातलं फक्त "काढायचं" एवढंच ऐकू आलं. तुझं पत्र खिशात होतं. मी म्हणालो, "नाही. काढायचं नाही. जे साफ करता येईल ते करा आणि बंद करा." त्या समजावत राहिल्या आणि माझा आवाज चढला. मी काय काय बोललो ते लिहीत नाही, पण बाकीची माणसं खुर्च्यांवरून उठून बघायला लागली. शेवटी त्या आत गेल्या. गाठीतलं पाणी काढलं, काळपट चॉकलेटसारखं होतं म्हणे, वरवरचे डाग जाळले आणि टाके घातले.

तुझं ऐकलं, आक्का. तिच्या अंगातलं काही गेलं नाही.

शुद्धीवर आल्यावर ती पोटाआधी खांद्याला हात लावून रडायला लागली. मला वाटलं, नेताना कुठे आपटली. तर दुर्बीण घालायला पोटात गॅस भरतात, तो खांद्यात जाऊन दुखतो. दोन दिवस राहतं, चाललं की उतरतं. त्याच संध्याकाळी उभं केलं तिला. माझा हात धरून व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. लघवीची नळी काढल्यावर तिला इतका आनंद झाला की नर्सला खाऊ देणार होती.

घरी आणताना पोट आणि पट्टा यांच्यामध्ये उशी ठेवली. माझ्या आयुष्यात मी गाडी इतकी हळू कधी चालवली नाही, मागचे हॉर्न वाजवून थकले. तिला म्हटलं, बघ, शिकाऊ ड्रायव्हर मी आहे. हसायला गेली आणि टाके धरून कळवळली, म्हणाली, "बाबा, विनोद बंद."

तिनं विचारलं, "काढलं का डावं?" मी सांगितलं, डॉक्टरांनाच जमलं नाही, फार चिकटलं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली. दमली असेल.

तुझा,
मास्तर

*

२० मार्च

मास्तर,

शाबास. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं ऐकलंस. तुझ्या दाजींना सांगितलं, त्यांनी चालता हात वर केला.

तिला महिनाभर तरी जड उचलू देऊ नकोस. उगाच रडेल, चिडेल, दुपारी पेंगेल, ते सगळं होतं. अशक्तपणा छेदांवर नसतो, आतून असतो. आणि ती बरी झाली की फोटो काढून घे चांगला. इथल्या एका मुलाचं माझ्या मनात आहे.

एक विचारायचं होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली असं लिहिलंस. तिला आनंद नाही झाला?

आक्का

*

२ जुलै

आक्का,

इतके दिवस पत्र नाही, कारण लिहिण्यासारखं बरं काही नव्हतं.

पहिले दोन महिने झक्क गेले. ठकी दुकानात जायला लागली, संध्याकाळी जिने चढून वर यायची आणि धापसुद्धा लागायची नाही. मी शेजाऱ्यांना सांगत सुटलो, एकदाचं मूळ उपटलं. पुन्हा वाढू नये म्हणून गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी तिचं डोकं चढायचं आणि जेवण उलटायचं. बदलून दिल्या, त्याही तशाच. मग तिनं त्या बंद केल्या.

आता दुखणं परत आलंय. यावेळी पाठीत, मांडीत, आणि शौचाला बसताना तर ओरडते. आक्का, बाथरूमच्या दाराबाहेर मी उभा असतो, आत माझी मुलगी टॉवेल तोंडात धरून ओरडत असते. मी विचारतो, "पाणी देऊ का?" दुसरं काय विचारणार मी?

मालकानं दुसरी मुलगी ठेवली. ठकीनं डबा, पाण्याची बाटली आणि स्वतःचा स्क्रूड्रायव्हरचा संच घरी आणला.

तुला एक सांगायचं राहिलं होतं. राहिलं नव्हतं, मी टाळलं होतं. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरीणबाईंनी ठकीला सगळं समजावलं होतं. तेव्हा तिनं स्वतः सांगितलं होतं, डावं खराब निघालं तर काढून टाका, एकावर भागतं ना? बाई म्हणाल्या, भागतं, मूलबाळ व्हायलाही एक पुरतं, पण दुखणं शंभर टक्के जाईलच असं मी सांगत नाही. ठकी म्हणाली, चालेल. सहीसुद्धा तिनंच केली. मी शेजारच्या खुर्चीत होतो, मान खाली घालून.

मी ब्रेक दाबला खरा. पण गाडी तिची होती.

ती मला अजून रोज विचारते, "बाबा, त्यांना का नाही जमलं? पुन्हा जमेल का?" मी म्हणतो, विचारू या.

मास्तर

*

१३ जुलै

मास्तर,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी यांना दुपारचं भरवायचंच विसरले. ते बिचारे तोंड उघडून वाट बघत होते.

तिनं सही केली होती हे मला आधी का नाही सांगितलंस? पण तुला तरी काय बोलू? मी तरी तुला कुठे विचारलं होतं, ठकीचं काय म्हणणं आहे म्हणून? विचारलं ते नंतर, सगळं झाल्यावर, आणि तेसुद्धा स्थळाच्या गोष्टीत.

इतकी वर्षं मला वाटायचं, माझा राग डॉक्टरांवर आहे. तो दाराबाहेर बसलेल्या माणसावर होता. मी आत बेशुद्ध पडले होते आणि बाहेर कोणीतरी माझ्या वतीनं बोललं. सासूबाई म्हणाल्या, काढा. मी म्हणाले, काढू नका. बोल वेगळे, काम तेच. ठकीच्या वेळी दाराबाहेर मी बसले होते रे, इथून, इतक्या लांबून, आणि मला वाटत होतं मी तिची राखण करतेय.

तिला सांग. आजच सांग. डॉक्टरीणबाईंकडून कळायच्या आत सांग. माझं नावही सांग, मला पाठीशी घालू नकोस.

आक्का

*

५ ऑगस्ट

आत्या,

तुला बाबांच्या पत्रांची सवय आहे, हे माझं समज.

मी पुन्हा तपासायला गेले तेव्हा डॉक्टरना विचारलं, मागच्या वेळी तुम्हाला का नाही जमलं? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परकी भाषा बोलले. मग त्यांनी सांगितलं. त्यांचाही चेहरा उतरला होता. म्हणाल्या, मी ऐकायला नको होतं, पण बाहेर आरडाओरडा झाला आणि मी कचरले.

बाबा खाली गाडीत होते. मी शेजारी जाऊन बसले, मास्तरांच्या जागेवर. त्यांना एवढंच विचारलं, "बाबा, का?" त्यांनी चावी फिरवली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. तुझं पत्र, तुझं ऑपरेशन, सगळं सांगितलं. सांगायला तीन आठवडे उशीर झाला म्हणाले, रोज सकाळी सांगणार होते. मग रडले. आत्या, मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, आई गेली तेव्हाही नाही. आणि मला त्यांची दया आली नाही. याचं मला जास्त भय वाटलं.

तुझ्यावर जे झालं ते वाईटच झालं. पण ते तुझं होतं. तुम्ही दोघांनी मिळून त्याची भरपाई माझ्या पोटातून केलीत. मला मूल हवं की नको, हे मी अजून ठरवलेलंच नाही. ठरवायला आधी दुखायचं थांबायला हवं. दुखत असलं की माणूस फक्त पुढचा तास कसा जाईल तेवढंच ठरवतो.

पुन्हा ऑपरेशन होणार आहे. यावेळी अवघड आहे, कारण आधीच्यानं आत आणखी चिकटलंय. कदाचित आतड्याचा तुकडाही काढावा लागेल. बरी होईन का, तर बहुतेक. पुन्हा होणार नाही का, तर कोणी सांगू शकत नाही. मी डॉक्टरना सांगितलंय, जे विचारायचं ते मला आत्ता विचारा, बाहेर कोणालाही काही विचारायचं नाही.

तू रडत बसू नकोस, आतोबांचं बघ. स्थळाचं मात्र विसर.

ठकी

*

२६ सप्टेंबर

आक्का,

हे पत्र त्याच प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून लिहितोय. ठकी आत आहे. घड्याळ अजून बंदच आहे.

घरात ती माझ्याशी बोलते. भाजी काय आणू, बिल भरलं का, एवढं बोलते. तू तिला पाठवलेलं पत्र तिनं उशीखाली ठेवलंय, मला दाखवलं नाही, मी मागितलंही नाही. तुला निदान तिनं पत्र लिहिलं, यात मला समाधान आहे.

आज सकाळी मी गाडी काढून दारात लावली, उशी मागच्या सीटवर टाकली. ती खाली आली आणि माझ्यापुढे हात केला. मी चावी दिली. म्हटलं, जाताना तू चालव, हरकत नाही, मी शेजारी बसतो. म्हणाली, "नाही बाबा. तुम्ही मागे बसा."

मी मागे बसलो. आपल्याच गाडीत मागे मी कधी बसलो नव्हतो, आक्का. तिथं पायापुढे काही नसतं, नुसती रबरी चटई. शेजारची माझी जागा रिकामी, ब्रेक रिकामा, आणि ती चालवतेय. मीच शिकवलेलं, तरी मला तिचा गिअर बदलणं नवं वाटलं. चौकात एक टेम्पो आडवा घुसला. मी जीव खाऊन पाय दाबला, चटई दुमडली. तिनं गाडी अलगद बाजूला घेतली आणि पुढे नेली. आरशात तिनं मला पाहिलं.

आत जाताना तिनं अंगठी आणि चष्मा काढून दुकानातल्या जुन्या मैत्रिणीकडे दिला. नातेवाईक म्हणून नावही तिचंच लिहिलंय. ती मुलगी चांगली आहे, मघाशी मला चहा आणून दिला.

आत्ता थोड्या वेळापूर्वी दार उघडलं. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, तशाच टोपी-मास्कसकट. मी उठून उभा राहिलो. तोंडाशी आलं होतं, काढा, काय ते सगळं काढा, तिला आराम पडू द्या. घरापासून मी तेच घोकत होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्हाला काही विचारायचं नाहीये. बसा." आणि औषधाची चिठ्ठी मैत्रिणीच्या हातात देऊन आत गेल्या.

मी बसलो. आत काय चाललंय मला माहीत नाही, किती वेळ चालेल माहीत नाही. पाय मात्र केव्हाचा फरशी दाबतोय, पोटरीला गोळा आलाय. सकाळपासून "बाबा, पाय" असं कोणी म्हणालेलं नाही.

मास्तर